चंपतरावांच्या गाडीचा सकाळचा आवाज

चंपतराव भोयर पहाटे साडेपाचला उठतात, असं महिन्याभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर सक्करदऱ्याच्या तलावामागची अख्खी गल्ली हसली असती. त्यांचा धंदाच उलट्या घड्याळाचा. दुपारी पिकअप घेऊन काटोलला जायचं, बागेतून संत्रा भरायचा, रात्री नागपूरच्या बाजारात माल खाली करायचा आणि घरी येऊन सकाळी आठपर्यंत ताणून द्यायची. वीस वर्षं हाच नेम.

मग गेले पंधरा दिवस हा माणूस डोक्याला मफलर गुंडाळून, चपला हातात घेऊन, चोरासारखा दाराबाहेर का पडत होता? स्वतःच्याच घरातून, स्वतःच्याच गाडीकडे!

कारण होता एक आवाज. किल्ली फिरवली की इंजिन चालू व्हायचं आणि आतून, अगदी खोलातून, बंद दारावर कुणी बोटाच्या पेरानं ठोकावं तसं वाजायला लागायचं. टक, टक, टक. मिनिट, सव्वा मिनिट. मग आपोआप थांबायचं. दिवसभर पुन्हा नाव नाही. बंद करून पुन्हा चालू करा, काही नाही. भरलेली गाडी काटोलहून आणा, काही नाही. पण रात्रभर गाडी उभी राहिली की दुसऱ्या सकाळी पहिल्या किल्लीला तो हजर.

रोज उठून चंपतराव एकच पाहायचे, आज गेला का. गेलेला नसायचा. मग तो मिनिटभराचा आवाज संपेपर्यंत ते स्टिअरिंग धरून बसायचे आणि गल्लीतल्या खिडक्यांकडे बघत राहायचे. कुणाचा दिवा लागला का? कुणी ऐकलं का? आवाज थांबला की इंजिन बंद करून, हातावर फुंकर मारत पुन्हा अंथरुणात. झोप कसली येते डोंबलाची!

आता जुन्या गाडीत एखादा आवाज असायचाच, त्यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. चौदा वर्षांची गाडी, वाजणारच. एरवी चंपतरावही तेच म्हणाले असते. पण गाडी विकलेली होती. म्हणजे शब्द देऊन झाला होता, पेढा खाऊन झाला होता, फक्त गाडी न्यायची राहिली होती. आणि घेणारी होती दामिनी, काटोलच्या बागायतदार मधुसूदनरावांची मुलगी.

चंपतराव मूळचे सावनेरकडचे. कोळशाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागले तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. पुढे ड्रायव्हर झाले, पुढे स्वतःची गाडी झाली, आणि संत्र्याच्या वाहतुकीत पडले ते पडलेच. त्या धंद्यात गाड्या रगड आहेत. पण काटोलचे बागायतदार चंपतरावांची वाट पाहत बसायचे, कारण या माणसाच्या गाडीत भरलेला माल जसाच्या तसा उतरायचा. एका मार्चमध्ये रस्ता सात तास अडला होता. बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली पत्ते खेळत बसले. चंपतराव मात्र शेजारच्या विहिरीवरून बादल्या आणून ताडपत्री भिजवत राहिले. त्या दिवशी मधुसूदनरावांचा माल गाडीत होता. तेव्हापासून मधुसूदनराव जो भेटेल त्याला सांगतात, "चंपतरावचं काम म्हंजे डोये झाकून."

आता डावा गुडघा क्लच दाबू देईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाडी सोडा. तशात मधुसूदनरावांची दामिनी पुढे आली. ट्रॅक्टर चालवत वाढलेली पोरगी, म्हणाली आपला आणि आजूबाजूच्यांचा संत्रा मीच नेणार. आणि मधुसूदनराव म्हणाले, घ्यायची तर चंपतरावचीच गाडी, दुसरी पाहायची पण नाही.

दामिनी गाडी पाहायला आली तो रविवार होता. चंपतराव कुणाचं तरी कपाट मानेवाड्याला पोचवून नुकतेच परतले होते, इंजिन गरम होतं. तिनं तलावाला एक फेरी मारली, खुशीत उतरली. तेव्हा आवाजाचा पत्ताच नव्हता, खरोखर नव्हता! दुसऱ्या दिवशी डिसेंबरचा पहिला गारठा पडला आणि सोमवारच्या सकाळी गाडी ठोकायला लागली. तेव्हाच फोन उचलून "पोरी, गाडीत एक आवाज यायले लागला" एवढं म्हणायचं होतं. चंपतराव म्हणाले, उद्या पाहू. उद्या करता करता पंधरा दिवस झाले, आणि न बोललेली गोष्ट लपवलेली गोष्ट होऊन बसली.

शामलाबाईंनी त्यांना शुक्रवारी पकडलं. म्हणजे त्यांना आधीपासून कळलं होतं, तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या चपला हातात दिसल्या की कुठल्याही बाईला कळतं. पण शुक्रवारी त्या शाल पांघरून सरळ गाडीजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"काहून उठून राहिले रोज इतक्या पहाटी?"

"काही नाही वं. गाडी गरम करून राहिलो. थंडी हाय."

"वीस वर्षं थंडी नव्हती का?" त्या म्हणाल्या. "आन् हे काय वाजून राहिलं?"

चंपतरावांनी इंजिन बंद केलं. पण त्यानं काय होतं! आवाज बाईंच्या कानात जाऊन बसला होता. मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना स्वतःची बाजूही मांडली, की ती आली तेव्हा आवाज नव्हता, की जुनी गाडी आहे, की कदाचित किरकोळ असेल.

"किरकोळ असन तं सुशील मेकॅनिकले दाखवा न. तो काय परका हाय?"

"दाखवतो."

"कधी?"

चंपतराव मफलरनं आरसा पुसायला लागले. शामलाबाई हळूच म्हणाल्या, "सुशीलनं सांगतलं का मोठं काम हाय, तं तुमाले पोरीले सांगा लागन. म्हनून तुमाले कळूनच घ्याचं नाही. असंच न?"

अगदी असंच होतं. आवाज टॅपेटचा, म्हणजे सैल झालेल्या झडपेचा असला तर स्क्रूड्रायव्हरनं अर्ध्या तासात काम. पण क्रँकचं बेअरिंग गेलं असलं तर अख्खं इंजिन उघडायचं. आणि न उघडता कुणी भरलेली गाडी पळवली तर रस्त्यात इंजिन जागीच अडकणार. चंपतरावांच्या डोळ्यासमोर तेच यायचं. काटोल रोड, अंधार पडलेला, गाडीत दीड टन संत्रा, आणि ती पोरगी एकटी बोनेट उघडून उभी. आणि तिचा बाप घरी बसून म्हणत असेल, चंपतरावची गाडी आहे, काळजी नाही. तरी ते सुशीलकडे गेले नव्हते. भीती माणसाला असं मूर्ख करून सोडते.

शुक्रवारी दुपारी मात्र बायकोच्या धाकानं गेले. सुशीलचं गॅरेज उमरेड रोडच्या बाजूला, पत्र्याचं, आत दोन गाड्या पोट फाडून पडलेल्या. चंपतरावांच्या गाडीला त्याच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाच्या हाडाला, आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

"घड्याळासारखी चालून राहिली गा चंपतभाऊ. कुठं हाय आवाज?"

"सकाळी येते. पयल्या किल्लीले."

"मंग सकाळची आना न! गरम इंजिनात मी काय शोधू? रातभर उभी असलेली, चालू न केलेली गाडी पाह्यजे मले."

रात्री गाडी गॅरेजबाहेर ठेवावी तर तिथं मागच्याच आठवड्यात कुणाची तरी बॅटरी चोरीला गेली होती. सुशीलला घरी बोलवावं तर तो म्हणाला, मी डॉक्टर आहे का घरोघर फिरायला. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत न्यावी तर ड्रायव्हर मंडळींत बोभाटा होणार, आणि तो बोभाटा दुपारपर्यंत काटोलच्या बाजारात पोचणार. राहिला एकच उपाय, धक्का. घर ते गॅरेज पाऊण किलोमीटर, रस्ता सपाट.

शनिवारी सकाळी सहाला ती वरात निघाली. चंपतराव स्टिअरिंगवर, मागून शामलाबाई, शेजारचा अश्विन आणि त्याच्याकडे दूध घालणारा भैया. अश्विन बँकेत काम करतो, गाड्यांतलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण मनाचा चांगला. त्याला एवढंच सांगितलं होतं की गाडी चालू करायची नाही, न्यायची. का, ते त्यानं विचारलं नाही. गाडी निघाली. शामलाबाई धापा टाकत, पदर खोचून ढकलत होत्या आणि मधूनमधून नवऱ्याला ऐकू जाईल असं काहीबाही पुटपुटत होत्या. अर्धा रस्ता बरा गेला.

चौकापाशी मात्र मैदानावर क्रिकेट खेळायला निघालेले सात-आठ पोट्टे आडवे आले. एक बाई माणूस गाडी ढकलत आहे हे पाहून त्यांच्या अंगात एकदम परोपकार संचारला.

"काकू, तुमी बाजूले व्हा! आमी हावो न!"

"अरे, नका, नका रे बाप्पा!" शामलाबाई ओरडल्या. कोण ऐकतो! सात-आठ दांडगट हात लागले आणि गाडी सुसाट निघाली. मागून एक जण गळा फाडून ओरडला, "काका, दुसरा टाका! सोडा क्लच! सोडा!"

आता चंपतरावांचं डोकं ओरडत होतं, सोडू नको. पण पाय कुठे डोक्याचं ऐकतो? पस्तीस वर्षं ज्या पायानं ही हाक ऐकली की क्लच सोडला, त्या पायानं, हातानं दुसरा गिअर टाकताच, आजही सोडला. स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून किल्ली फिरवलेलीच होती. गाडीनं एक आचका दिला, धूर सोडला आणि चालू झाली. टक, टक, टक, टक.

"हो गई! हो गई!" पोट्ट्यांनी टाळ्या पिटल्या. एक जण तर खिडकीशी येऊन हात मिळवायला लागला. "काका, बॅटरी बदला आता." दुसरा समोर उभा राहून मोठ्या शहाजोगपणानं सांगत होता, बंद करू नका, रेस देत राहा. चंपतराव हॉर्न वाजवत होते, हात जोडत होते. ती पलटण बाजूला होऊन गाडी गॅरेजपाशी पोचली तेव्हा इंजिन गुपचूप चालत होतं. सुशील चहाचा कप घेऊन दारात उभा होता. त्यानं कान दिला, मान हलवली.

"गेला आजचा दिवस," तो म्हणाला.

चंपतराव उतरले ते तिथंच दगडावर बसले. उद्या रविवार, उद्या आठ वाजता दामिनी गाडी न्यायला येणार. त्यांचा चेहरा पाहून सुशीलला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "बरं, उद्या मी येतो तुमच्या घरी. साडेसहाले. फक्त गाडीले हात लावू नोका."

रविवारी साडेपाचला चंपतराव गाडीत जाऊन बसले. हात लावायचा नाही असं ठरवूनच बसले होते. नुसतं बसायचं, एवढंच. गारठा असा की स्टिअरिंग हाताला झोंबत होतं.

आणि बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात तो विचार आला. आत्ता मिनिटभर चालू केली तर? साडेसहाला सुशील येईल, किल्ली फिरवेल, आवाज येणार नाही. तो म्हणेल, काही नाही. आणि आठ वाजता दामिनीला सांगता येईल, "सुशील मेकॅनिकनं पाह्यली पोरी, काही निंघालं नाही." यात खोटं काय? एक शब्द खोटा नाही! सुशील साक्षीदार. पुढे काही झालंच तर मेकॅनिकला कळलं नाही तिथं आपल्याला काय कळणार. चंपतरावांना स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटत असतानाच हातानं किल्ली एक घर फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले. अजून एक घर, की झालं.

"काका!"

फाटक वाजलं. दामिनी होती. स्वेटर, डोक्याला ओढणी, हातात पिशवी.

चंपतरावांनी किल्ली अशी मागे ओढली की ती हातातून खालीच पडली.

"तू... तू आठले येणार होती न वं?"

"काल मावशीकडे मुक्कामाले आली होती, मानेवाड्याले. म्हटलं लवकरच जाते." ती पुढे आली. "चालू केली का तुमी गाडी?"

"नाही."

"नोका करू मंग." तिनं पिशवी खाली ठेवली आणि बोनेटवर तळवा टेकवला. क्षणभरच. "गाडी थंडी हाय. बरं झालं. बाबा म्हने, चंपतराव काकाची गाडी पाह्याची काही गरज नाही. पन मले एकदा थंडं इंजिन आइकाचं होतं. आमच्या ट्रॅक्टरचं दुखनं असंच सकाळीच समजलं होतं."

दोन मिनिटं उशिरा आली असती तर! चंपतराव खाली वाकून किल्ली शोधत होते आणि ती सापडूनही लगेच वर उठत नव्हते. उठले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरी, इंजिनात एक आवाज हाय. सुशील येऊन राहिला पाह्याले. तो येतपर्यंत थांब."

शामलाबाईंनी चहा आणला. तिघं गाडीभोवती उभे राहून चहा प्याले आणि कुणालाच त्याची चव कळली नाही. पोरीनं एकदाच विचारलं, कसा आवाज आहे. चंपतरावांनी बोटानं पत्र्यावर वाजवून दाखवला. तिचा चेहरा उतरला. बेअरिंग म्हणजे काय ते ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरीला सांगावं लागत नाही.

साडेसहाला सुशील आला. बोनेट उघडलं, हातात पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. दामिनीला म्हणाला, "तू बस वर. मी सांगतलं का मार किल्ली."

किल्ली फिरली. टक, टक, टक, टक. गारठ्यात तो आवाज आज आणखी मोठा वाटला. चंपतरावांनी दोन्ही हातांनी फाटक धरलं. सुशीलनं इंजिनावर इथं टेकव, तिथं टेकव केलं. मग पान्यानं एकेका नळीची चक्री सैल केली आणि पुन्हा आवळली. म्हणजे एका वेळी एका पिस्टनचं डिझेल बंद. बेअरिंग गेलेलं असलं तर त्या पिस्टनवर आवाज मऊ पडतो. पहिला, नाही. दुसरा, नाही. तिसरा, नाही. चौथ्याकडे पाना नेला तोच आवाज थांबला.

"थांबला का चौथ्यानं?" चंपतरावांनी फाटकापासून विचारलं. "चौथ्याचं बेअरिंग?"

"चौथ्याले मी हातच नाही लावला अजून," सुशील म्हणाला.

"दिवा गेला," वरून दामिनी म्हणाली.

"कोनता दिवा?"

"तेलाचा. लाल. किल्ली मारली तवापासून लागूनच होता. तो इझला आन् आवाज तवाच थांबला."

सुशीलनं तिच्याकडे पाहिलं, मग चंपतरावांकडे. "पंधरा दिवसांत तुमाले हा दिवा नाही दिसला?"

नव्हता दिसला. कसा दिसणार? त्या मिनिटात चंपतरावांचे डोळे रोज गल्लीच्या खिडक्यांवर होते.

सुशीलनं इंजिन बंद करायला सांगितलं, तेल मोजायची पट्टी ओढली आणि तिच्यावरचं तेल दोन बोटांत चोळलं. बोटं चिकटली. त्यानं वास घेतला. "चंपतभाऊ, हे काय घातलं गा यात? गिअरचं तेल?"

"उन्हाळ्यात घातलं होतं थोडं. दरसाल घालतो."

हे काही चंपतराव एकटेच करत नाहीत. मे महिन्यात नागपूरचा पारा सेहेचाळीसला गेला की जुन्या गाडीचं इंजिन ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, म्हणून अनेक जुने ड्रायव्हर त्यात गिअरबॉक्सचं दाट तेल ओततात. उन्हाळा निभतो. पण ते हिवाळ्याआधी काढून टाकायचं असतं.

"दरसाल घालता, पन दरसाल दसऱ्याले बदलता बी," सुशील म्हणाला. "तेल, फिल्टर, सगळं. दसऱ्याच्या आधी हटकून येता माझ्याकडे. औंदा आलेच नाही. मी म्हटलं, दुसरीकडे गेले काय. काहून नाही बदललं?"

शामलाबाईंनी पदराचं टोक दाताखाली धरलं. दामिनी वरून पाहत होती.

उत्तर होतं. दसऱ्याला गुडघ्याचं नक्की झालं होतं, गाडी विकायची ठरली होती. आणि त्यांच्या मनात आलं होतं, आता कशाला? पुढचा बदलेल. एवढंच. त्यात कुणाला फसवायचं नव्हतं. पण चौदा वर्षांत पहिल्यांदा या माणसानं गाडीचं काम टाळलं, ते ती दुसऱ्याच्या घरी जाणार म्हणून टाळलं. विसरलो, असं म्हणता आलं असतं. वय झालं, कुणी संशय घेतला नसता.

"विकाची होती म्हनून नाही बदललं," चंपतराव म्हणाले.

सुशील खाली बघायला लागला. मग घसा खाकरून म्हणाला, "बरं, बेअरिंग गेलं नाही. थंडीत हे दाट तेल वर चढाले वेळ लागते, तवरीक सगळं कोरडं ठोकते. आज बदलू, थांबन आवाज. पन दोन महिने असंच चाललं असतं न, तं बेअरिंग खरंच गेलं असतं. नशीब समजा."

शामलाबाईंच्या तोंडून "देवा रे" निघालं आणि त्या पायरीवर बसल्या. सुटलो, असं सगळ्यांनाच वाटलं. इतकं किरकोळ निघालं की आता हसायलाही हरकत नव्हती. खरं तर चंपतरावांनी इथं गप्प बसायचं, हसायचं आणि पोरीला आणखी एक कप चहा विचारायचा. पण त्यांच्यानं ते झालं नाही. छातीत पंधरा दिवसांचं साचलेलं होतं.

"पोरी," ते म्हणाले, "तू आठले आली असती न, तं तुले इंजिन गरमच भेटलं असतं. हा आवाज मले पंधरा दिवसापासून मालूम हाय. मी रोज पहाटी उठून कोनाले आइकू येऊ नये म्हनून चालू करून ठेवत होतो. आज बी करूनच राहिलो होतो. तू फाटक वाजवलं तवा किल्ली हातात होती."

दामिनी गाडीतून उतरली. ओढणीच्या टोकानं हाताला लागलेलं काहीतरी पुसत राहिली. ती चिडली असती तर चंपतरावांना बरं वाटलं असतं. तिनं आवाजही चढवला नाही.

"काका, बाबाले हे सांगू नोका," ती म्हणाली. "त्याइले लय लागन."

चंपतरावांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही, लपवायचा आता कंटाळा आला होता.

तेल दुपारी बदललं. जुनं तेल डब्यात पडताना गुळाच्या पाकासारखं पडत होतं. फिल्टर नवा लावला. चंपतराव फरशीवर बसून सगळं स्वतः करत होते, गुडघा ठणकत होता तरी. काम संपलं तेव्हा चार वाजले होते. शामलाबाई म्हणाल्या, आता ने बाई गाडी, उजेडात काटोलला पोचशील.

"आज नाही," दामिनी म्हणाली. "रातभर थंडी होऊ द्या. सकाळी पयली किल्ली मी मारीन, मंग नेईन."

सोमवारी साडेसहाला ती मावशीकडून आली. चंपतराव आणि शामलाबाई दारातच उभे होते. गाडीला रात्रीपासून कुणी हात लावला नव्हता, किल्लीही दामिनीनंच सोबत नेली होती. नेताना ती म्हणाली होती, माझ्याकडेच असू द्या, आणि चंपतरावांनी मुकाट्यानं दिली होती.

ती गाडीजवळ गेली. किल्ली काढण्याआधी तिनं बोनेटवर हात ठेवला. कालच्यासारखा क्षणभर नाही. पूर्ण तळवा टेकवून, चांगला पाच-सहा श्वास. मग डावीकडे, मग उजवीकडे, मग रेडिएटरच्या जाळीशी. चौदा वर्षांत काटोलच्या एकाही माणसानं चंपतरावांच्या गाडीवर असा हात ठेवून पाहिलं नव्हतं. ते दारातून बघत राहिले.

"थंडी हाय," ती म्हणाली, आणि वर चढून बसली.

किल्ली फिरली. इंजिन चालू झालं. लाल दिवा लगेच विझला असावा, कारण ठोकण्याचा आवाज आलाच नाही. दामिनीनं दोन मिनिटं तशीच ऐकत घालवली, मग मान हलवली, काचेतून काकूंना हात केला आणि गाडी गल्लीबाहेर काढली.

मंगळवारी पहाटे साडेपाचला चंपतरावांना जाग आली. ते उठून दाराशी आले, मफलर गुंडाळला, चपला घातल्या, आणि गाडीच्या रिकाम्या जागेसमोर थोडा वेळ उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी शामलाबाईंना विचारलं, "मधुसूदनचा फोन आल्ता का काल?"

"आल्ता न. तुमी झोपले होते," त्या म्हणाल्या. "म्हने, चंपतरावले सांगजा, गाडी एक नंबर हाय. सगळ्या गावाले सांगून राहिला."

मफलर काढून चंपतरावांनी खुंटीला अडकवला आणि चहा टाकायला गेले.